बांधणीला आलेलं पुस्तक

माशेलच्या वाचनालयात मे महिन्यात
मी पुस्तकं बांधते. दाभण, दोरा, मैद्याची खळ,
कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद.
आज हातात आली एक कादंबरी,
पहिली सोळा पानं गळालेली.
म्हणजे नाव नाही, लेखक नाही,
सुरुवातच सतराव्या पानावर, टापांच्या आवाजाने.

नव्वदाव्या पानावर तपकिरी डाग.
काजूचा. तो जात नाही,
कापडावरचा नाही, कागदावरचाही नाही.
हा माझाच.
पंधरा वर्षांची होते, बोंडू वेचायचे सोडून
झाडाखाली वाचत बसले होते,
आणि सरदार रणधवल तिला घोड्यावर घालून निघाला होता.

वाक्य अजून पाठ आहे :
‘कांचनगौरीच्या ओठांवर नकार होता,
परंतु नेत्रांत संमतीचे चांदणे फुलले होते.’
त्या चांदण्यात मी तेव्हा आठवडाभर भिजत होते.
आज पाहते तर दोनच ओळी वर
रात्र अवसेची, असं छापलंय.
धावता घोडा, ती पालथी, तोंड खाली.
ह्याला नेत्र दिसले कुठून?

खलनायक काळाकभिन्न, अर्थात.
दुष्टपणा कातडीवरूनच कळावा अशी सोय.
मीही काळीच की.
पण तेव्हा वाचताना स्वतःला गोरी धरून चालले होते,
नाटकाला तिकीट न काढता शिरावं तशी,
मागच्या दाराने, मान खाली घालून.

घोड्याचं नाव पवनगती.
तलवारीला नाव आहे, तोफेला आहे.
पान दोनशे बारावर, रणधवलवर सुटलेला बाण
जिने अंगावर घेतला
ती ‘एक दासी’.
दीड ओळीत मरते.
पुढच्या परिच्छेदात वसंत ऋतू.

दाभण जरा जोरातच जातं कागदातून.

पण त्याआधी एकशे सत्याऐंशीवं पान येतं ना.
मांडवी ओलांडायची आहे, काळोखात, होडीतून.
रणधवल नावाड्याच्या वेषात.
फळी ओली आहे. तो अंगरखा काढतो,
फळी पुसतो, सरकून तिला जागा करून देतो
आणि पैलतीरापर्यंत एक अक्षर बोलत नाही.
बस्स. एवढंच.
एवढ्यावर माझा गळा आजही दाटतो,
सगळं कळत असून.
माझ्यासाठी कुणी ओली फळी पुसल्याचं
मला आठवत नाही.

बांधणीआधी पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या,
असा वाचनालयाचा नियम.
रबर घेऊन दोनशे बारावर आले
आणि समासात, ‘एक दासी’च्या अगदी शेजारी,
शाळा अर्ध्यात सुटलेल्या अक्षरात
दिसलं : भागी.

मागच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक अठ्ठ्याऐंशी,
चौसष्ट ते सत्तर, अकरा वेळा.
जुनं रजिस्टर काढलं.
आवडू. पुढे आडनाव नाही.
राहणार देवळामागे.
व्यवसायाच्या रकान्यात नुसती रेघ.

मला वाटत होतं, हे डोळे मलाच नवे फुटलेत,
लेकीशी वाद घालून घालून.
आवडूबाय, तू माझ्या जन्माआधीच
त्या पोरीचं बारसं करून गेलीस,
आणि तरी पुस्तक परत नेलंस. आणि परत.
एकशे सत्याऐंशीचा कोपरा
दुमडून दुमडून मऊ सुतासारखा झालाय.
तो मी दुमडलेला नाही.

रबर खणात टाकलं.
खळ लावली, वर वजन ठेवलं, रात्रभर.

सकाळी कॉलेजातली एक मुलगी, कणा चाचपत,
‘मावशी, नाव नाही ह्याला. कसं आहे?’
‘घोडा बरा आहे,’ म्हटलं.
‘नायकाचं तू बघ.
आणि पेन्सिल आहे ना जवळ?’